सेवा आणि सुटका

गुलामांची सेवा करणे मोठे, की गुलामगिरी मोडणे मोठे? वरवर पाहता हा प्रश्न वक्तृत्वस्पर्धेतला वाटेल. परंतु त्यामागे चार शतकांचा इतिहास आहे, आणि त्याचे धागे आपल्या हैदराबादपर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून त्याविषयीचे माझे मत वाचकांपुढे ठेवीत आहे.

इ. स. १६१० मध्ये मलिक अंबरने मराठवाड्यात खडकी शहर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याच १६१० साली पेद्रो क्लाव्हेर हे जेझुइट संघाचे तरुण स्पॅनिश धर्मसेवक दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना बंदरात उतरले. अंबरसारखे नशीब लाखांत एखाद्याचे! कार्ताहेनात उतरविल्या जाणाऱ्या आफ्रिकन गुलामांच्या वाट्याला खाणी, मळे आणि चाबूक एवढेच येत असे.

जहाज बंदराला लागले की क्लाव्हेर दुभाष्यांना घेऊन त्याच्या तळाशी उतरत. तिथल्या दुर्गंधीत दुसऱ्या कोणाला उभे राहवत नसे. ते मात्र आजाऱ्यांच्या जखमा धूत, फळे आणि पाव वाटीत, मरणाऱ्यांच्या उशाशी बसत, आणि मग धर्माची शिकवण देऊन बाप्तिस्मा देत. १६२२ मध्ये अखेरचे व्रत घेताना त्यांनी ‘आफ्रिकनांचा सदैव दास’ अशा अर्थाची सही केली. १६५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे व्रत सोडले नाही. १८८८ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना संतपद दिले.

हे वाचून कोणाचेही मस्तक नमेल. माझेही नमते. पण याच कथेत एक बोचरी गोष्ट आहे. क्लाव्हेर यांचे दुभाषे स्वतः गुलाम होते, आणि त्यांचे मालक होते खुद्द जेझुइटांचे कॉलेज! बंदरात जहाजे येतच राहिली. संताने वेदना हलकी केली. बेडी तशीच राहिली.

बेडीविषयी चर्चने काय केले? उत्तर सरळ नाही. १४५२ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे दास करण्याची मुभा दिली. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास मनाई केली. सोळावे ग्रेगरी यांनी आफ्रिकनांच्या व्यापाराचा स्पष्ट धिक्कार केला तो १८३९ मध्ये. तोवर इंग्लंडने हा व्यापार कायद्याने बंद करून बत्तीस वर्षे लोटली होती. आणि १४५२ च्या हुकूमनाम्यामागील विचार आपला नव्हे, असे व्हॅटिकनने जाहीर केले ते २०२३ मध्ये!

आपल्या शेजारी गोव्यातही हेच दिसते. सोळाव्या शतकात तिथे भर रस्त्यात माणसांचा लिलाव होई. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने गुलामगिरीचा विचार केला खरा. पण कोणत्या कारणाने माणूस गुलाम करणे न्याय्य ठरते, एवढेच तिने ठरविले. ती बंद केली नाही. कित्येक गुलामांनी मग स्वतःच वाट शोधली आणि घाटावरचे रान गाठले. या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळकडचे सिद्दी ठाऊक असतील. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज हेच होत. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

आणि हैदराबाद? मासाब टँकजवळच्या ‘ए. सी. गार्ड्‌स’ वस्तीचे नाव निजामाच्या पदरी असलेल्या हबशी घोडेस्वारांवरून पडले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपल्या मातीतली दास्यपद्धतीही वेगळी होतीच. तेलंगणात तिला वेट्टी म्हणत, भगेला म्हणत. कर्जापोटी बाप राबे, मागून मुलगा राबे. १९३६ मध्ये निजाम सरकारने भगेला करारांवर निर्बंध घातले, तरी जमीनदाराची पकड सुटली नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर रद्द झाली. तरीही या शहराभोवतालच्या वीटभट्ट्यांवर ओडिशाहून उचल घेऊन आलेली कुटुंबे आजही राबतात. आपल्या मराठवाड्याचा ऊसतोड मजूरही मुकादमाच्या उचलीने बांधलेलाच असतो.

कोणी म्हणेल, बुडणाऱ्याला आधी बाहेर काढावे, धरण कोणी फोडले याची चौकशी मागाहून. हे मला मान्य आहे. ज्याने गुलामाची जखम कधी धुतली नाही, त्याने क्लाव्हेर यांना नावे ठेवू नयेत. ज्यांना सारे जग माल समजत होते त्यांच्यातला माणूस त्यांनी ओळखला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ‘मागाहून’ म्हणता म्हणता पिढ्या जातात, हेही वरील सनावळी सांगते. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. केवळ मलमपट्टी करणाऱ्यांना नव्हे, बेडी तोडणाऱ्यांना त्यांनी मान दिला, यातच माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते.

मित्रहो, आपली सेवा योजनेची शिबिरे भरतात. आपण कपडे वाटतो, औषधे वाटतो, मुलांना अक्षरे शिकवितो. हे सारे अवश्य करावे. पण पुढच्या वेळी वीटभट्टीवर गेलो तर दोन प्रश्नही विचारावेत. उचल किती घेतली? आणि मनात आले तर उद्या गावी जाता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अशा माणसाला सोडविणे आणि त्याचे बंधनाचे कर्ज रद्द मानणे हे त्या कायद्याने सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. असा एक अर्ज लिहिणे हीही सेवाच आहे.