अंगाऱ्याआधी डॉक्टर

आईने वाढलेलं ताट मुलगा बाजूला सारतो. त्यात विष कालवलंय, अशी त्याची खात्रीच असते. मग कुणी अंगारा आणतं, कुणी ‘लग्न करून द्या, सुधारेल’ म्हणतं. सातारा-सांगलीकडच्या आमच्या वाचकांना हे नवं नाही. म्हणून हा अंक स्किझोफ्रेनियावर.

नसलेले आवाज ऐकू येणं, बिनबुडाचा संशय लवकर लक्षात येतो. अंघोळ सोडणं, मित्र टाळणं याला मात्र आपण आळस म्हणून मोकळे होतो. रक्त तपासून हा आजार कळत नाही. त्या तपासण्या दुसरं कारण वगळण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार लक्षणं किमान महिनाभर असावी लागतात, आणि निदानात घरच्यांनी सांगितलेली हकिकत मोलाची ठरते. या अंकाचा भर तिच्यावरच आहे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झुंज दिली. तरी ‘देवराई’ हा चित्रपट पाहून हळहळणारे आपण घरातला रुग्ण पाहुण्यांपासून लपवतोच!

तुमच्याकडे निदानाला उशीर का झाला, ते जरूर लिहा. नाव छापणार नाही. आणि मदत आजच हवी असेल, तर पत्राच्या उत्तराची वाट न पाहता टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.