घारापुरीचे पाहुणे आणि घारापुरीचे यजमान

बाहेरून येणाऱ्यांचा भार म्हणजे काय, हे नागपूरच्या धंतोलीत राहणाऱ्या कुटुंबाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकेकाळी बंगल्यांची, बागेची, रामकृष्ण मठाच्या सान्निध्यातील ही शांत वस्ती पाहता पाहता रुग्णालयांची वसाहत झाली. साऱ्या विदर्भातून आणि लगतच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडातून रुग्ण येथे येतात, त्यांच्यासोबत नातलग येतात, वाहने येतात. येणाऱ्याची गरज खरी असते. त्याला दोष कोण देणार? परंतु स्वतःच्याच फाटकातून आत शिरणे अवघड होऊ लागले, तेव्हा धंतोली नागरिक मंडळाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. वस्ती तेथे राहणाऱ्यांची की तेथे येऊन जाणाऱ्यांची, हाच त्या वादाचा गाभा होता.

नेमका हाच प्रश्न नागपूरपासून आठशेहून अधिक किलोमीटरवर, मुंबईच्या समुद्रातील एका लहानशा बेटावर उभा आहे. नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला गेलेले नागपूरकर कुटुंब ‘गेट वे’वरून लाँच पकडून तेथे हमखास जाऊन येते. आपण मात्र त्या बेटाला अजूनही पोर्तुगीजांनी ठेवलेल्या नावाने ओळखतो: एलिफंटा. त्याचे आपले नाव घारापुरी. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील ती एक ग्रामपंचायत आहे. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तिची तीन गावे. लोकवस्ती जेमतेम बाराशेच्या आसपास. पर्यटकाला गुंफा दिसतात, माकडे दिसतात, पायऱ्यांवरची दुकाने दिसतात. या बेटावर माणसे राहतात, त्यांची मुले शाळेत जातात, त्यांच्या घरी लग्ने लागतात, हे परतीच्या लाँचमध्ये बसेपर्यंत बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

नावाचीच कथा बोलकी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज येथे उतरले, तेव्हा किनाऱ्याजवळ त्यांना एक भव्य पाषाणहत्ती दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटाचे बारसे केले. सदाशिवाच्या त्या अलौकिक लेण्याची या परकीयांनी काय दशा केली, हे भग्न हातापायांच्या मूर्ती आजही सांगतात. गुंफेतील शिलालेख त्यांनी उचलून पोर्तुगालला नेला, तो कायमचा हरवला. हे लेणे कोणी कोरवले याबद्दल विद्वानांना आजही तर्क करावे लागतात, त्याचे एक कारण हेच. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी तो हत्तीही विलायतेला नेण्याचा घाट घातला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून १९१४ मध्ये जोडले गेले आणि तो हत्ती आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती गेला, त्याचे नाव मात्र बेटाला चिकटून राहिले!

बेटावरून काहीतरी घेऊन जाण्याची ही परंपरा परकीयांबरोबर संपली, असे मात्र म्हणता येत नाही. आज तेथून दगड कोणी नेत नाही. नेला जातो तो पैसा.

सुट्टीच्या दिवशी हजारो माणसे घारापुरीला येतात. लाँचचे भाडे भरले जाते ते मुंबईच्या धक्क्यावर. गुंफेच्या तिकिटाची रक्कम पुरातत्त्व खात्यामार्फत केंद्र सरकारच्या तिजोरीत जमा होते. ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो तो नाममात्र पर्यटक कर. उरली पायऱ्यांच्या दोन्ही अंगांची दुकाने, काही खानावळी, वाट दाखवण्याचे काम. दुकानांत मांडलेल्या माळा, मूर्ती, टोप्या पाहाव्यात, तर बेटावर घडलेली वस्तू शोधूनही सापडणे कठीण. मुंबईच्या घाऊक बाजारातून आलेला माल घारापुरीच्या पायऱ्यांवर विकला जातो, एवढाच काय तो गावाचा व्यापार. संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की पर्यटक गेले, आणि मागे राहतात प्लास्टिकच्या बाटल्या व खाऊची वेष्टने. ती उचलायची कोणी? बाराशे वस्तीच्या पंचायतीने.

वास्तविक हे गाव कधीच पर्यटनावर जगत नव्हते. भाताची खाचरे, आंबा, चिंच, ताडमाड आणि भोवतालच्या खाडीतील मासळी यांवर त्याचा संसार चालत असे. परंतु एका बाजूला मुंबई बंदर, दुसऱ्या बाजूला १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावाशेवाचे बंदर आणि शेजारी बुचर बेटावर तेलाचे धक्के असा वेढा पडला आणि मासेमारीचे पाणी आक्रसत गेले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी आपटली, तेव्हा सांडलेले तेल घारापुरीच्या कांदळवनापर्यंत पोहोचले होते. म्हणजे समुद्रातून मिळकत घटली आणि जमिनीवर पुरातत्त्वाचे निर्बंध आले. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरवर नियंत्रण, असा कायदा आहे. कायदा योग्यच आहे. तो नसता तर गुंफेच्या तोंडाशी हॉटेल उभे राहिले असते. मात्र ज्यांच्या पूर्वजांनी हा डोंगर राखला, त्यांच्या चरितार्थाची सोय काय, हा विचार त्या कायद्याच्या सोबतीने व्हायला हवा होता. तो झाला नाही.

१९८७ मध्ये ‘युनेस्को’ने या लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यानंतर तब्बल तीन दशके हे गाव मुंबईच्या झगमगाटाकडे अंधारातून पाहत राहिले. पर्यटन महामंडळाच्या जनित्रावर संध्याकाळी तीन-साडेतीन तास दिवे लागत, एवढेच. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून घारापुरीत वीज आली. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी देवेंद्र फडणवीस आणि ऊर्जामंत्रिपदी चंद्रशेखर बावनकुळे होते. दोघेही नागपूरचे, आणि नागपूरकरांनी त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण वीज आली म्हणून तरुण थांबतो, असे नाही. महाविद्यालयासाठी समुद्र ओलांडावा लागतो, नोकरीसाठीही ओलांडावा लागतो, आणि एकदा ओलांडला की परतण्याला कारण उरत नाही. उन्हाळ्यात पाण्याची चणचण असते ती वेगळीच.

अशा वेळी ‘विकासा’च्या योजना पुढे येतात त्या मुख्यतः माणसे अधिक वेगाने आणि अधिक संख्येने आणण्याच्या. शिवडीपासून घारापुरीपर्यंत समुद्रावरून सुमारे आठ किलोमीटरचा रज्जुमार्ग बांधण्याची कल्पना काही वर्षांपूर्वी मांडली गेली होती. तत्कालीन जहाजबांधणी मंत्री नितीन गडकरी यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला होता. गडकरींच्या धडाडीविषयी नागपुरात कोणाला शंका असण्याचे कारण नाही आणि त्यांच्या कामाचे मोल येथे कमी लेखायचेही नाही. तरीही हा रज्जुमार्ग झाला नाही, हे घारापुरीच्या हिताचेच झाले, असे स्पष्ट म्हणावे लागेल. पंधरा मिनिटांत येणारा माणूस दीड तासात परत जाईल. त्याला जेवणाचीही गरज पडणार नाही, वाटाड्याचीही नाही. गर्दी वाढेल, कचरा वाढेल, आणि गावाच्या हाती आज जे चार पैसे पडतात तेही स्थानकावरच्या उपाहारगृहात जातील.

जलमार्ग सुरक्षित हवा, यात मात्र दुमत असू शकत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर असलेच पाहिजे, हे शहाणपण त्यानंतर आले.

मग घारापुरीला हवे काय? आज पर्यटकाला बेटावर रात्री मुक्कामाची परवानगी नाही. शेजारी तेलाचे साठे, समोर ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र, जवळच नौदल. तेव्हा सुरक्षेची काळजी अनाठायी नाही. मुक्काम म्हटला की दारू आणि धिंगाणा, ही भीतीही खोटी म्हणता येणार नाही. कोकणच्या किनाऱ्यावर तिचे पुरावे वाटेल तितके आहेत. परंतु ओळखपत्राची नोंद करून, पंचायतीच्या देखरेखीखाली, गावकऱ्यांच्या आहे त्याच घरांत, ठरावीक संख्येने कुटुंबांना उतरू देणे हे शेकडो अनोळखी माणसांना दिवसभर मोकळे सोडण्यापेक्षा अधिक धोक्याचे कसे, हे कोणीतरी समजावून सांगावे. दिवसा येणारा कोण, कोठला, हे आज कोणालाही ठाऊक नसते. घरी उतरलेल्या पाहुण्याचे नाव यजमानाला ठाऊक असते.

ही कल्पना पुस्तकी नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे, नाना फडणवीसांचे गाव. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी तेथे अंड्यांच्या रक्षणाचे काम उभारले, गावाला सोबत घेतले आणि कासव महोत्सव सुरू झाला. वेळासला हॉटेले उभी राहिली नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, ओटीवर निजतात, घरचे जेवतात आणि पहाटे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. एकेकाळी जी अंडी पळवली जात, ती राखण्यातच आता गावाचा लाभ आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, गोंगाट नाही, मिळकत त्यांच्याच गटाची.

विदर्भालाही हे नवे नाही. ताडोब्याला वाटाड्या गावातलाच असतो. प्रवेशशुल्काचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे राहतो आणि त्यातून भोवतालच्या गावांची कामे होतात. वनालगतच्या गावांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जींच्या नावाने जन-वन विकास योजना आणली, तिच्यामागेही हाच विचार होता: जंगल राखायचे असेल, तर जंगलाकाठचा माणूस राखला पाहिजे. वाघाच्या बाबतीत जे पटले, ते सदाशिवाच्या बाबतीत का पटू नये? घारापुरीच्या तिकिटातील ठरावीक हिस्सा घारापुरीच्या पंचायतीला देण्याचा निर्णय केंद्राने घेतला, तर पाण्याचा आणि कचऱ्याचा प्रश्न सोडवायला तिला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

उलट टोकाचे उदाहरण पाहायचे असेल तर व्हेनिसकडे पाहावे. तेही बेटांवर वसलेले, तेही जगभरच्या पर्यटकांचे लाडके. १९५१ साली या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्याही खाली आली. घरे पर्यटकांच्या खोल्या झाल्या, वाण्याची दुकाने मुखवट्यांची झाली आणि राहणारा माणूस निघून गेला. आता २०२४ पासून तेथे गर्दीच्या दिवशी प्रवेशकर घेतला जातो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तो दिवसापुरते येणाऱ्याला भरावा लागतो; मुक्काम करणाऱ्याला तो माफ आहे. घारापुरीचा नियम बरोबर उलटा आहे. अर्थात व्हेनिसचा दुसरा धडाही घेतला पाहिजे. मुक्कामाची मोकळीक दिली की बाहेरचा धनिक घरे विकत घेऊ लागतो. म्हणून घारापुरीत परवाना मिळावा तो वर्षानुवर्षे तेथे राहणाऱ्या कुटुंबालाच, आणि पाहुणे पाळीपाळीने वाटले जावेत. नाहीतर मोठे घर असलेल्या दोघा-चौघांचेच फावेल.

आपल्या समाजाला पाहुणचाराचे हे शास्त्र परके नाही. पंढरीच्या वाटेवरची गावे लाखोंना जेवू घालतात ती वारकरी नेम पाळतो म्हणून. यात्रेला मुक्कामाचे, आहाराचे, वागण्याचे नियम होते. सहलीला कोणतेच नाहीत. घारापुरीत महाशिवरात्रीला उरण परिसरातून भाविक येतात, तेव्हा ते बेट खऱ्या अर्थाने आपले वाटते. उरलेल्या दिवशी त्याच सभामंडपात, त्रिमूर्तीकडे पाठ करून छायाचित्रे काढण्याची झुंबड असते.

शासनाचे निर्णय होतील तेव्हा होतील. नाताळच्या सुट्टीत निघणाऱ्या कुटुंबाला काही गोष्टी आजच करता येतील. सोमवारी गुंफा बंद असतात, हे आधी ध्यानात ठेवावे. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी सकाळची पहिली लाँच गाठावी. पाण्याच्या बाटल्या घरून न्याव्यात आणि रिकाम्या परत आणाव्यात. वाटाड्या गावातला घ्यावा आणि घासाघीस करू नये. मुख्य गुंफा पाहून परत फिरू नये. मोराबंदरच्या बाजूला स्तूपाची टेकडी आहे, तिकडे फारसे कोणी जात नाही. जेवणाचे डबे मुंबईहून न नेता वर चढतानाच एखाद्या खानावळीत किती पाने हवीत ते सांगून जावे. खाली उतरेपर्यंत भात तयार असतो, आणि जेवता जेवता वाढणाऱ्या बाईंशी गावाबद्दल चार शब्द बोलायला वेळही मिळतो.