जुना संगणक, घरचा सिनेमा

आपल्या पुष्कळ घरांत हल्ली एखादा जुना संगणक टेबलाखाली नाहीतर माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या मोफत सुधारणा देणं थांबवलं, आणि विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर बसत नाही. तेव्हा भंगारवाल्याची हाक आली की घरातल्यांची नजर त्या डब्याकडे वळते. पण मैत्रिणींनो, तो देऊन टाकण्याआधी जरा थांबा. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला, तर त्याच संगणकाचा छानसा घरचा सिनेमा होतो. खर्च म्हणाल तर फार करून एक केबल आणि एक पेन ड्राइव्ह.

आता तुम्ही म्हणाल, "हे काही आपलं काम नव्हे बाई, मुलगा सुट्टीत आला की बघेल." पण प्रेशर कुकरची रिंग बदलायला आणि शिलाईमशीनची बॉबिन भरायला आपण कुणाची वाट पाहतो का? हेही तसंच आहे. एका दुपारचं काम, फक्त क्रम चुकवायचा नाही.

यासाठी दोन गोष्टी लागतात, आणि दोन्ही फुकट मिळतात. पहिली म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी लिनक्स. तिचे बरेच प्रकार आहेत; नवख्या माणसाला 'लिनक्स मिंट' सोपा. त्याला निदान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असली तर उत्तम. दुसरी गोष्ट 'कोडी'. २००२ साली एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे पाहता यावेत म्हणून काही हौशी मंडळींनी हिची सुरुवात केली आणि २०१४ मध्ये तिला कोडी हे नाव मिळालं. सिनेमे, गाणी, फोटो यांची नीटनेटकी मांडणी करून टीव्हीवर मोठ्या अक्षरांत दाखवणं हे तिचं काम.

सर्वांत आधी जुन्या संगणकातले फोटो, हिशेब, मुलांची प्रमाणपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. लिनक्स बसवताना 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडला की आतलं सगळं जातं, मग हळहळून उपयोग नाही. त्यानंतर चालू स्थितीतल्या दुसऱ्या संगणकावर मिंट उतरवून 'एचर' या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवा. जुना संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला, की डिस्कला हात न लावता मिंट चालवून पाहता येतं. चित्र दिसतं का, आवाज येतो का, वायफाय लागतं का, हे आधी पारखा. साडी नेसण्याआधी अंगावर लावून बघतो ना, तसं! मन भरलं की मगच 'इन्स्टॉल' म्हणा. पुढे मिंटच्या 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मध्ये कोडी शोधून बसवलं की झालं.

टीव्हीला जोडायला एचडीएमआय केबल घ्या. तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. फार जुन्या संगणकाला निळी व्हीजीए केबल असते, तिच्यातून आवाज जात नाही, म्हणून आवाजाची वायर वेगळी लागते. चित्र टीव्हीवर आणि आवाज मात्र संगणकातून, असं झालं तर कोडीच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', मग 'ऑडिओ' इथे जाऊन एचडीएमआय निवडा. गाणी दणदणीत पण संवाद पुटपुटल्यासारखे, अशी तक्रार असेल तर तिथेच 'चॅनेल्स' २.० करा. आकडा ५.१ असला की संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवले जातात, आणि तो आपल्या टीव्हीला नसतोच.

यापुढचं खरं काम मात्र स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखं आहे. डब्यावर चिठ्ठी नसेल तर साखरेऐवजी मीठ हाती येतं, तसंच इथेही. सिनेमे, मालिका आणि घरचे व्हिडिओ यांचे तीन वेगळे फोल्डर करा. प्रत्येक सिनेमाला रोमन लिपीत नाव आणि कंसात साल द्या. म्हणजे पिंजरा आणि पुढे कंसात १९७२. मालिकेच्या भागाला पर्व आणि भागाचा आकडा द्या. मग कोडीला फोल्डर दाखवून 'यात सिनेमे आहेत' असं सांगितलं, की ती 'द मूव्ही डेटाबेस'मधून पोस्टर, कलाकार, कथा हे सगळं स्वतः शोधून आणते. नाव धेडगुजरी असेल तर भलत्याच सिनेमाचं पोस्टर लागतं. घरच्या फोल्डरसाठी मात्र 'नन' हा पर्याय निवडा, नाहीतर कोडी तुमच्या मंगळागौरीचं पोस्टर शोधत बसायची!

या घरच्या फोल्डरसाठीच खरं तर मी हा खटाटोप करायला सांगते आहे. माझ्या वडिलांचा आवाज आज एकाच व्हीएचएस कॅसेटवर आहे, १९९४ सालच्या धाकट्या बहिणीच्या बारशाच्या. दोन मिनिटं ते पाहुण्यांना जेवणाचा आग्रह करताहेत, बस्स. ती कॅसेट संगणकात उतरवून घेतली तेव्हा आईने तेवढा भाग तीनदा लावायला सांगितला. चौथ्यांदा तिने स्वतःच बटण दाबलं. अशी कॅसेट कुणाच्या घरी नाही? पावसाळी हवेत फितीला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट यंत्रात घालू नका, बुरशी आत पसरते आणि यंत्राचं हेडही बिघडतं. जाणकाराकडून ती आधी साफ करून घ्या. चांगल्या कॅसेटी मात्र यंदाच फोटो स्टुडिओत देऊन पेन ड्राइव्हवर उतरवा, आणि मूळ कॅसेटही जपून ठेवा.

रिमोटची काळजी नको. अँड्रॉइड फोनवर 'कोरे' नावाचं कोडीचंच अ‍ॅप मिळतं. कोडीच्या 'सर्व्हिसेस'मध्ये रिमोटची परवानगी द्या, नाव आणि पासवर्ड घाला; फोन आणि संगणक एकाच वायफायवर हवेत. नाहीतर साधा कीबोर्डही चालतो: बाणांनी फिरा, एंटरने निवडा, बॅकस्पेसने मागे या, स्पेसने थांबवा.

एक सावधगिरी. कोडीबरोबर एकही सिनेमा मिळत नाही. 'सगळे सिनेमे फुकट भरून देतो' असं म्हणत कुणी डबा विकायला आला, तर तो चोरीचा माल समजा. कोडी बनवणारी मंडळीही अशा विक्रीला आपलं म्हणत नाहीत.

शेवटचं आणि महत्त्वाचं. यंत्र आज आहे, उद्या नाही. घरच्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर कपाटात आणि एक बहिणीकडे किंवा जावेकडे ठेवा. पासवर्ड आणि सुरू-बंद करण्याच्या पायऱ्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहा. आणि सासूबाईंना, मुलांना, घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी स्वतःच्या हाताने लावायला शिकवा. आठवणी घरच्या असल्या, तर त्यांची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असू नये.