यंत्र विकत मिळते, विद्या शिकावी लागते

पावसाळा ओसरला की मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात एकच लगबग सुरू होते. चार महिने पाणी खाऊन चिऱ्याचे गडगे काळे पडलेले असतात, कौलांवर शेवाळ चढलेले असते, खळ्यातल्या लाद्यांवरून पाय घसरतो. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावर पाहुण्यांच्या खोल्या वाढल्या. हे सारे धुऊन देणारा माणूस आता पैसे मोजून बोलवावा लागतो. म्हणून आपली काही मुले आम्हाला विचारतात, "दाबाच्या पाण्याचे मशीन घेऊन धंदा केला तर?"

आमचे उत्तर असे : जरूर करा, पण आधी शिका.

सफाईचे नाव काढताच घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला आठी घालतील. त्यांचे चुकत नाही. वाट झाडणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात जन्मानेच बांधलेली होती. त्याला दर नव्हता, भाकरतुकडा होता. आणि 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. ही वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतन संपले. मग पुन्हा सफाईकडे कशाला वळायचे?

बंधू-भगिनींनो, झाडूच्या जागी यंत्र आले एवढ्याने काहीच बदलत नाही. फरक पडतो तो तीन गोष्टींनी : कामाची विद्या आपल्याजवळ असणे, दर आपण ठरवणे आणि नको ते काम नाकारता येणे.

प्रथम यंत्राची विद्या. यंत्र घेताना दोन आकडे पाहावेत. एक दाब, तो 'बार'मध्ये मोजतात. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. दुसरा आकडा मिनिटाला किती लिटर पाणी निघते त्याचा. दाब मळ सुटा करतो, पाणी तो वाहून नेते. घरगुती यंत्र साधारण १०० ते १३० बारचे असते. ते रोज आठ तास राबवण्यासाठी नसते. धंद्याचे यंत्र १५० बार व त्याहून अधिक दाबाचे, मिनिटाला १० लिटर किंवा जास्त पाणी देणारे असते. १० लिटरच्या हिशेबाने तासाला ६०० लिटर पाणी लागते. म्हणजे हजार लिटरची टाकी पावणेदोन तासही पुरत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाच्या विहिरीला पाणी किती आहे, हे आधी विचारावे. मचूळ किंवा खारे पाणी पंपात घालू नये. पाण्यावाचून पंप चालवला तर त्याची सीले जळतात.

तोंडाला लावायच्या नोझलचे रंग पाठ करावेत. लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळे १५ अंश, हिरवे २५, पांढरे ४० अंशांचा पसरट पंखा. काळे साबणासाठी, कमी दाबाचे. जांभा चिरा मऊ आणि छिद्रांचा दगड आहे. लाल किंवा पिवळी धार जवळून मारली तर शेवाळाबरोबर दगडही झिजतो आणि सांध्यातला चुना-सिमेंट निघून येतो. तेथे पांढरे नोझल, लांबचे अंतर आणि आधी कुंचल्याची घासणी. कोणतेही काम आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी करून पाहावे.

ही धार माणसाच्या अंगावर कधीही धरू नये. ती कातडी फोडून आत शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, आत मांस खराब होते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये; ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. गमबूट, चष्मा, हातमोजे, अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा स्विच यांवर पैसा वाचवू नये.

आता साबणाची विद्या. ती आमच्या भगिनींना आधीपासून येते. तेलकट भांड्याला राख आणि तांब्या-पितळेला चिंच किंवा आमसूल, हेच त्याचे मूळ आहे. राख अल्कली, चिंच आम्ल. तेल, ग्रीस, धुराची काजळी यांना अल्कलीचे साबण; गंजाच्या डागांना आम्ल; शेवाळ-बुरशीला क्लोरीन. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर याच जातीची. पण अल्कली ॲल्युमिनियम खाते, आम्ल सिमेंट खाते, क्लोरीन झाडे करपवते आणि स्टीललाही डाग पाडते. म्हणून लेबल वाचूनच प्रमाण धरावे, साबण सुकू देऊ नये आणि धुवण विहिरीकडे किंवा खाडीकडे वाहू देऊ नये.

एक गोष्ट मात्र भिंतीवर लिहून ठेवा : संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र येथे सैनिकांवर सोडला तो हाच वायू!

दुसरी गोष्ट दराची. समजा, यंत्र ४०,००० रुपयांचे आहे आणि ते हजार तास चालेल. मग दर तासाला ४० रुपये यंत्राचेच झाले. वीज आपण दिली तर ती, साबण, जाण्यायेण्याचे पेट्रोल, मदतनीसाची मजुरी आणि दुरुस्तीसाठी काही राखीव, हे सारे वहीत मांडावे. त्यावर आपली मजुरी आणि नफा. "काय द्यायचे ते द्या" हे शब्द आपल्या तोंडून येता कामा नयेत. तो जुन्या गावकीचा दर आहे. चौरस फुटाचा भाव कागदावर लिहून द्यावा आणि पावती फाडावी.

तिसरी गोष्ट नकाराची. यंत्र दिसले की कोणी ना कोणी सेप्टिक टाकीत उतरायला सांगेलच. स्पष्ट नकार द्या. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. पण गेलेला मुलगा ३० लाखांनी परत येत नाही. ते काम यंत्राच्या गाडीचे आहे.

भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी. मात्र कर्जाच्या अर्जाआधी कुडाळ, कणकवलीकडच्या एखाद्या गाड्या धुण्याच्या सर्व्हिस स्टेशनवर दोन महिने काम करावे. पंप उघडून पाहावा, सील बदलायला शिकावे. कर्जाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. त्याआधी हात तयार असावा.