पाच आठवड्यांची परदेशी उमेदवारी

जपानमधील विज्ञान व अभियांत्रिकी शाखांच्या विद्यार्थ्यांस पदवी हाती पडण्यापूर्वीच काही आठवड्यांपुरते परदेशी प्रयोगशाळेत पाठविण्याच्या योजना अलीकडच्या काळात निघाल्या आहेत. इंग्रजीत जिला इंटर्नशिप म्हणतात तीच ही उमेदवारी. तिच्याविषयी दोन आक्षेपवजा मते ऐकू येतात. पाच आठवड्यांत संशोधन ते काय होणार, हे एक मत. दुसरे असे की, मातृभाषेत विज्ञान शिकल्यामुळे जपानी तरुण इंग्रजी बोलण्यात मागे राहतात आणि त्या दोषावरील उतारा म्हणून ही योजना असावी. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही मते मान्य नाहीत. त्यांपैकी दुसरे तर घातकच वाटते.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ गोल रेणू १९८५ मध्ये याच विद्यापीठात आढळला. कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांकडे जगाचे लक्ष वेधले ते जपानच्या इइजिमा सुमिओ यांनी, १९९१ मध्ये. अशा समान विषयाच्या आधारावर या विद्यापीठाने २००६ ते २०१५ या काळात अमेरिकन विद्यार्थ्यांस जपानी प्रयोगशाळांत उन्हाळ्यापुरते पाठविले. पुढे २०१६ पासून जपानच्या नाकातानी प्रतिष्ठानाच्या द्रव्यसाहाय्याने ही वाट दुहेरी झाली व जपानी विद्यार्थीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुमारे पाच-सहा आठवड्यांसाठी ह्यूस्टनला जाऊ लागले.

ऑगस्ट-सप्टेंबरच का, हे पाहण्यासारखे आहे. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. पाश्चात्त्य विद्यापीठांचे साधारणतः शरद ऋतूत. एकाची सुटी दुसऱ्याच्या सुटीशी जुळत नाही. जपानी विद्यार्थी मोकळा होतो तेव्हा यजमान प्रयोगशाळेतील उन्हाळी मंडळी परतू लागलेली असतात. त्यातच तिसऱ्या वर्षापासून नोकरी शोधण्याची धावपळ सुरू होते. तेव्हा 'आजची मुले घराबाहेर पडावयास भितात' असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. परदेशी विद्यापीठांत शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांची संख्या २००४ मध्ये सुमारे ८३ हजार होती, ती २०११ पर्यंत सुमारे ५७ हजारांवर आली. सरकारने २०१३ मध्ये परदेशी शिक्षणास प्रोत्साहन देणारी मोहीम हाती घेतली, तिच्यामागे ही घसरण होती. तिची कारणे केवळ तरुणांच्या मनात शोधून भागणार नाही. त्यांच्या दिनदर्शिकेत व त्यांच्या वडिलांच्या खिशातही ती शोधावी लागतील.

आता पाच आठवड्यांत होते काय? पहिला आठवडा सुरक्षेचे नियम व उपकरणांची ओळख यांत जातो. शेवटचा आठवडा केलेल्या कामाचे भित्तिपत्रक तयार करून ते चारचौघांपुढे समजावून सांगण्यात जातो. मधल्या तीन आठवड्यांत एखादा नमुना तयार करावा, त्याचे मापन करावे, ते बिघडावे आणि पुन्हा करावे, एवढेच घडते. त्यातून शोधनिबंध निघेल ही अपेक्षाच चुकीची. परंतु जपानी विद्यार्थी सामान्यतः चौथ्या वर्षी एका प्राध्यापकाच्या संशोधनगृहात दाखल होतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. तेथे प्राध्यापक, सहप्राध्यापक, साहाय्यक, डॉक्टरेटचे विद्यार्थी अशी उतरंड असते आणि नवागताने बहुतेक सारे आपल्या 'सेम्पाई'कडून, म्हणजे वडीलधाऱ्या सहाध्यायाकडून शिकावयाचे असते. ही पद्धत वाईट नाही. हात चांगला तयार होतो. मात्र तिच्यात शिरण्यापूर्वी दुसरी एखादी पद्धत पाहिलेली असेल, तर विद्यार्थी आपले संशोधनगृह डोळे उघडे ठेवून निवडतो. जेथे विद्यार्थी प्राध्यापकास नावाने हाक मारतो आणि 'हे मापन मला पटत नाही' असे तोंडावर सांगतो, तेथे काही दिवस वावरणे ही त्या वयात मोलाची गोष्ट होय. म्हणूनच ही उमेदवारी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच व्हावी. पुढे तिचे निम्मे मोल उरत नाही.

भाषेचा प्रश्न राहिला. ज्यास मातृभाषेचा दोष म्हटले जाते, तेच जपानी विज्ञानाचे भांडवल आहे. देशाची दारे बंद असताना, एकदाही परदेशी न जाता, उदागावा योआन यांनी एकोणिसाव्या शतकात डच ग्रंथांवरून रसायनशास्त्र जपानीत आणले. हायड्रोजनला 'सुइसो' म्हणजे जलाचे मूलतत्त्व आणि ऑक्सिजनला 'सान्सो' म्हणजे आम्लाचे मूलतत्त्व, ही त्यांनी रूढ केलेली नावे आजही शाळेतील मुलांच्या तोंडी आहेत. (ऑक्सिजन हे सर्व आम्लांचे मूळ नव्हे हे पुढे ठरले, पण युरोपातील मूळ नावातही तीच चूक आहे.) यामाकावा केनजिरो १८७१ मध्ये अमेरिकेस गेले, येल येथे शिकून १८७५ मध्ये परतले आणि तोकियो विद्यापीठात भौतिकीचे पहिले जपानी प्राध्यापक झाले. निशिना योशिओ १९२१ ते १९२८ युरोपात होते. कोपनहेगनला नील्स बोर यांच्या सहवासात मिळालेली मोकळ्या चर्चेची रीत त्यांनी तोकियोतील आपल्या प्रयोगशाळेत रुजविली, आणि तेथेच तोमोनागा शिनइचिरो घडले. ही मंडळी परदेशी राहून परतली ती जपानीत शिकविण्यासाठी. आणि मासुकावा तोशिहिदे तर २००८ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारण्यास निघेपर्यंत देशाबाहेर गेलेच नव्हते. स्टॉकहोम येथील आपले व्याख्यान त्यांनी जपानीतच दिले. त्यांचा १९७३ चा निबंध मात्र इंग्रजीत होता. वाचण्या-लिहिण्यापुरती परभाषा आणि विचार करण्यास स्वभाषा, ही वाटणी त्यांच्या आड आली नाही.

भारतात उच्च विज्ञानशिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते. त्यामुळे परदेशी प्रयोगशाळेत आपला विद्यार्थी बोलण्यात अडत नाही. अडतो तो घरी परतल्यावर, केलेले काम धाकट्या बहिणीस समजावून सांगताना. जपानी विद्यार्थ्याची अडचण नेमकी उलटी आहे आणि भाषांतराच्या धंद्यात आयुष्य घालविणाऱ्यास ती कमी गंभीर वाटते. पाच आठवडे अडखळत बोलल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

यावरून निवडीसंबंधी दोन सूचना कराव्याशा वाटतात. उमेदवार इंग्रजीच्या परीक्षेतील गुणांवर निवडू नयेत. त्याने आजवर कोणते उपकरण स्वतः खोलून पाहिले आणि काय विचारले, हे पाहावे. आणि परतल्यावर इंग्रजी भित्तिपत्रकाबरोबर एक जपानी वृत्तांतही त्याच्याकडून लिहवून घ्यावा. तो गावच्या माध्यमिक शाळेतील मुलास वाचता येईल असा असावा, आणि बिघडलेल्या मापनांची हकिकत त्यातून गाळू देऊ नये.