घर दाखवणारा मधला माणूस : एजंटवरचा कायदा कुठवर पोचतो?



'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. दोन्ही कामांत आयुष्याची कमाई लागते आणि दोन्ही कामांत बहुतेक वेळा एक मध्यस्थ असतो. लग्न जुळवणारा मध्यस्थ निदान नात्यातला किंवा ओळखीतला असतो. घर दाखवणारा एजंट मात्र बऱ्याचदा फोनवर ओळख झालेला, चार दिवसांपूर्वीपर्यंत अनोळखी असलेला माणूस. त्याच्या शब्दावर आपण लाखो रुपयांचा निर्णय घेतो. मग या माणसावर कोणाचं लक्ष असतं? तो खोटं बोलला तर दाद कुठे मागायची? आजचा लेख याच प्रश्नांवर आहे.

माझं मत आधीच सांगतो. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटला नियमात बांधलं, हे फार चांगलं झालं. पण हा कायदा नव्या प्रकल्पाच्या गेटपाशीच थांबतो. जुनं घर विकत घेणारा आणि भाड्याने राहणारा माणूस गेटबाहेरच उभा आहे. त्यालाही आत घ्यायला हवं.

कायदा काय सांगतो?

'रेरा' म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. आपल्या राज्यात त्याची अंमलबजावणी 'महारेरा' हे प्राधिकरण करतं. त्याआधी महाराष्ट्रात १९६३ चा मोफा कायदा होता, पण त्याचा रोख बिल्डरवर होता. रेराने बिल्डरसोबत एजंटलाही जबाबदार धरलं. एजंटसाठी मुख्य नियम असे :

- नोंदणी केल्याशिवाय एजंटला रेरा नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकून देता येत नाही.
- ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते पण ती झालेली नाही, त्यातलं घर विकायला मदत करता येत नाही.
- हिशेबाची वह्या-कागदपत्रं नीट ठेवावी लागतात.
- खोटी माहिती देणं, नसलेली मंजुरी आहे म्हणून सांगणं, द्यायच्याच नसलेल्या सेवांची जाहिरात करणं, हे सगळं बेकायदा आहे.
- बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवी ती सगळी माहिती आणि कागद मिळवून देणं हे एजंटचं काम आहे.

महाराष्ट्रात ही नोंदणी पाच वर्षांसाठी असते. फसवणूक करून नोंदणी मिळवली किंवा अटी मोडल्या, तर एजंटचं म्हणणं ऐकून घेऊन ती रद्द किंवा निलंबित करता येते. ग्राहकाला बिल्डरविरुद्ध तशीच एजंटविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते.

महाराष्ट्राचं पुढचं पाऊल

नुसता नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे माणसाला कायदा कळतो असं नाही. म्हणून महारेराने २०२३ मध्ये एजंटना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आता एजंट व्हायचं तर अभ्यास करायचा, पास व्हायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं. मुदतीत प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली.

काही जण म्हणाले, 'वीस वर्षं धंदा करतोय, आता परीक्षा कसली?' याचं उत्तर सोपं आहे. गाडी चालवता येत असली तरी लायसन्स लागतंच. कारण चूक झाली तर नुकसान रस्त्यावरच्या दुसऱ्याचं होतं. इथेही तसंच आहे. 'कार्पेट एरिया' आणि 'सुपर बिल्ट-अप' यातला फरक एजंटला माहीत नसेल, तर त्याच्या अज्ञानाचे पैसे ग्राहक मोजतो.

दंडाचं गणित करून बघा

विद्यार्थी मित्रहो, शेकडेवारी तुम्हाला येते ना? मग वही घ्या. नोंदणीचे किंवा कर्तव्याचे नियम मोडणाऱ्या एजंटला चूक चालू असेपर्यंत रोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो. पण त्याला एक मर्यादा आहे. ज्या घराचा व्यवहार त्याने करून दिला, त्या घराच्या किमतीच्या ५ टक्के.

समजा घर ४५ लाखांचं आहे. ५ टक्के म्हणजे २ लाख २५ हजार. रोज १०,००० धरले तर ही मर्यादा २३ व्या दिवशी गाठली जाते. त्यानंतर चूक महिनाभर चालो की वर्षभर, दंड वाढत नाही.

आता पुढचा प्रश्न. हा दंड कोणाला मिळतो? सरकारला! फसलेल्या ग्राहकाच्या हाती त्यातला एक रुपयाही येत नाही. कायद्यात नुकसानभरपाईची कलमं आहेत, पण ती बिल्डरवर बोट ठेवतात. एजंट खोटं बोलला म्हणून त्यानेच भरपाई द्यावी, असं त्या कलमांत स्पष्ट म्हटलेलं नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. ज्याने दिशाभूल करून दलाली कमावली, त्याने निदान ती दलाली तरी ग्राहकाला परत द्यावी, असं कलम हवं.

गेटबाहेर कोण राहिलं?

रेराचा एजंट म्हणजे प्रकल्पातल्या विक्रीचा एजंट. आता आपल्या आजूबाजूला बघा. बदली होऊन नव्या गावी रुजू झालेले गुरुजी, पुण्याला शिकायला गेलेली मुलगी, मुंबईत नोकरी लागलेला तरुण, हे सगळे आधी भाड्याचीच खोली शोधतात. एजंटशी त्यांची गाठ पडते, पण रेराच्या व्याख्येतच भाडेकरू बसत नाही. रेरा यायच्या कितीतरी आधी पूर्ण झालेल्या इमारतीतला जुना फ्लॅट घेणाऱ्याचीही तीच गत. आणि जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पालाच नोंदणी लागत नाही. म्हणजे लहान गावातल्या लहान इमारतीचा ग्राहकही बाहेरच.

या बाहेरच्या माणसांचं काय होतं? एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून द्या, अकरा महिन्यांनी करार नवा केला की पुन्हा द्या. पावती मागितली तर 'आपल्यात पावती कसली?' रेरा कायद्याने दलालीचा दर ठरवलेला नाही. दर म्हणजे नुसती चालत आलेली रीत. मालक आणि भाडेकरू दोघांकडून पैसे घेणारा एजंट नक्की कोणाच्या बाजूने बोलतो, हेही कळत नाही.

अशा ग्राहकाला काहीच मार्ग नाही असं नाही. पैसे घेऊन सेवा दिली आणि त्यात कसूर केली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण वीस हजारांच्या दलालीसाठी तारखा कोण करणार? फसल्यावर धावण्यापेक्षा आधीच नोंदणी असलेली बरी.

'लहान एजंटचं पोट मारू नका'

हा आक्षेप खरा आहे. इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, असे कितीतरी लोक वर्षाला दोन-चार खोल्या दाखवून चार पैसे मिळवतात. त्यांच्यावर मोठ्या नोंदणी फीचं ओझं टाकणं अन्यायाचं होईल. म्हणून भाड्याच्या एजंटसाठी वेगळी व्यवस्था असावी. नाममात्र फी, मराठीत छोटं प्रशिक्षण, आधार दाखवून नोंदणी आणि एक साधा छापील कागद. त्या कागदावर तीन गोष्टी असाव्यात : दलाली किती, ती कोणाकोणाकडून घेतली, आणि नूतनीकरणाला पुन्हा लागणार की नाही. एवढ्याने प्रामाणिक एजंटचं काहीच बिघडत नाही. उलट त्याची पत वाढते.

तोपर्यंत आपण काय करायचं?

१. नव्या प्रकल्पात एजंटचा महारेरा क्रमांक मागा. एजंटचा क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

२. प्रकल्पाच्या नोंदणीत बिल्डरला आपल्या एजंटची नावं द्यावी लागतात. आपल्यासमोर बसलेला माणूस त्यात आहे का, ते बघा.

३. 'आज टोकन दिलं नाही तर फ्लॅट जाईल' या वाक्याला घाबरू नका. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

४. नव्या प्रकल्पात एजंटला दलाली बहुधा बिल्डर देतो, हे लक्षात ठेवा. तो आपल्याशी कितीही गोड बोलला तरी पैसे कोणाचे घेतो, ते आधी विचारा.

५. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. दलालीची पावती मात्र आपणच मागून घ्या.

पालकहो, पावती मागण्यात अपमान कोणाचाच नाही. भाजीवालीकडे आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि लाखांच्या व्यवहारात संकोचाने गप्प बसतो, हे उलटं आहे. आणि कायदा करणाऱ्यांकडे मागणं एवढंच की, विकत घेणाऱ्याच्या घरासारखंच भाडेकरूचं घरही घर समजा. दोघांना घर दाखवणारा माणूस एकच आहे. मग त्याच्यावरचा नियमही एकच असायला हवा.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम : घराच्या जाहिरातीचं एखादं कात्रण वहीत चिकटवा. त्यावर महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड आहे का, ते शोधा. मग घर ६० लाखांचं असेल तर एजंटचा दंड कितव्या दिवशी वाढायचा थांबेल, ते काढून वर्गात सांगा.