घासा, पण भांडी!

दिवाळी आली की आमच्या घरी चिंच आणि रांगोळी घेऊन तांब्यापितळेची भांडी घासायला बसतात. घासावीतच. घागर लखलखली म्हणून घागरीचे काही जात नाही. पण परवा एका स्नेह्यांनी आपला नवा छंद दाखवायला घरी नेले, आणि घासणे हा गुन्हाही होऊ शकतो हे मला कळले.

पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी दुसऱ्या महायुद्धातला एक पोलादी टोप आणला होता. ब्रिटिश घाटाचा, उथळ परातीसारखा. “जीर्णोद्धार केला!” म्हणून त्यांनी तो पुढे केला. पॉलिशपेपरने घासून वर मोटारीचा हिरवा रंग मारलेला. समोर धरून भांग पाडावा असा! काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासणारे आपण. टोप कसा सुटणार?

अहो, या टोपांच्या रंगात वाळू नाहीतर लाकडाचा भुसा मिसळीत, तो चमकू नये म्हणून! उन्हात टोप चमकला की शत्रूला नेम सापडे. शिपाई ज्या चकाकीला भ्याला, तीच आम्ही पैसे खर्चून त्याच्या टोपावर चढवली.

हेही मी सोसले असते. पण स्नेही सहज म्हणाले, “आत कुणीतरी खिळ्याने मराठीत नाव खरडले होते. ‘ग’ होता बहुतेक. फार घाण दिसत होते, काढून टाकले.”

मी मास्तर माणूस. अक्षर गिरवताना पोराची जीभ कशी बाहेर येते, ते रोज पाहतो. कुणीतरी असेच जीव लावून पोलादावर आपले नाव काढले होते. मराठा पलटणी इटलीत लढल्या. १९४४ च्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. १९४५ च्या एप्रिलात सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी जखमींना पाठीवर घेऊन पाणी ओलांडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांची नावे पुस्तकांत आहेत. आमचा ‘ग’ इटलीत होता की देवळालीच्या छावणीत, कोण सांगणार? त्याचे पुस्तक तेवढे एकच होते.

“पण मास्तर, गंज टोप खाऊन टाकील त्याचे काय?” बरोबर आहे. सैल गंज मऊ ब्रशाने झाडा, मेणाचा पातळ हात फिरवा, कोरड्या जागी ठेवा. टाळूवरचा स्क्रू काढला की अस्तर सुटते. ते फाटके असले तरी फेकू नका, त्याच्याखाली आधी पाहा. काठाखाली ठोकलेले साल वाचा. छंद करू नका असे कोण म्हणतो? वाचायचा छंद करा, पुसायचा नको.

स्नेह्यांनी आता दुसरा टोप आणला आहे. अजून पॉलिशपेपर लागलेला नाही म्हणतात. पाडव्याला फराळाला बोलावले आहे, जाणार आहे. खिशात बॅटरी घेऊन. चकलीचे नंतर पाहू.